अनुज्ञा आणि चोदना

बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांची जी दुकाने आहेत, त्यांत गेल्या अर्धशतकातील अमेरिकी लोकप्रिय कादंबऱ्यांचे थरावर थर साचलेले असतात. कोणी तरी प्रवासात वाचून टाकून दिलेली, पाने पिवळी पडलेली ही पुस्तके. एडविन कॉर्ली याची ‘अकापुल्को गोल्ड’ ही १९७२ सालची कादंबरी याच जातकुळीतली. श्रेष्ठ वाङ्मयाच्या पंक्तीत तिला कोणी बसवणार नाही, आणि बसवण्याचे कारणही नाही. परंतु दुय्यम दर्जाच्या पुस्तकांना कधी कधी असा एखादा प्रश्न सापडतो, की ज्याच्याकडे पहिल्या दर्जाच्या पुस्तकांचे लक्ष गेलेले नसते. कॉर्लीच्या कादंबरीला तसा एक प्रश्न सापडला आहे.

तिच्यातील मूळ कल्पना थोडक्यात अशी. गांजा कायदेशीर होणार असे वारे वाहू लागले आहेत आणि त्या भरवशावर गांजाच्या सिगारेटी बाजारात आणण्याची तयारी करण्याचे काम एका जाहिरातसंस्थेकडे येते. मेक्सिकोतील गांजाच्या एका नामांकित जातीचे नाव कादंबरीला दिले आहे. ते नाव आधीच एखाद्या तयार मालाच्या वेष्टनावरचे वाटते, यातच लेखकाची दृष्टी दिसते. गांजा ओढावा की ओढू नये, हा या कल्पनेच्या पोटातील खरा प्रश्न नव्हे. त्याचा निकाल वैद्यकाने आणि न्यायशास्त्राने आपसांत लावावा. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जी गोष्ट काल गुन्हा होती ती आज गुन्हा राहिली नाही, एवढ्यावरून ती लोकांच्या गळी उतरवण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होतो काय? मुभा मिळाली म्हणजे भुरळ घालण्याचा परवानाही त्याच कागदावर मिळाला, असे समजायचे काय?

हा प्रश्न १९७२ साली अमेरिकेत हवेत होता. २ जानेवारी १९७१ पासून त्या देशात नभोवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या होत्या. सिगारेट मात्र पूर्वीप्रमाणेच विकली जात होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे कादंबरीच्याच साली, अध्यक्ष निक्सन यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या शेफर आयोगाने आपला अहवाल दिला. स्वतःपुरता गांजा जवळ बाळगणे हा गुन्हा मानू नये, पण नफ्यासाठी त्याचे वाटप करणे गुन्हाच राहावा, असे त्या आयोगाचे म्हणणे होते. निक्सन यांनी ते मानले नाही. तथापि अनुज्ञा आणि व्यापार यांची फारकत करता येते हे त्या अहवालाने दाखवले, तर अनुज्ञा मिळण्याच्या आधीच व्यापार दाराशी कसा उभा असतो हे कादंबरीने दाखवले. दोहोंपैकी कादंबरीचे भाकीत अधिक खरे ठरले. १ जानेवारी २०१४ पासून कोलोरॅडो राज्यात गांजा उघड दुकानांतून विकला जाऊ लागला, आणि नाव, वेष्टन, चिन्ह हा सारा सरंजाम त्याच्या मागोमाग आला.

जाहिरातव्यवसायाचे एक ठरीव समर्थन आहे. जाहिरात नवे व्यसनी निर्माण करीत नाही. जो ओढतोच आहे त्याला ती एका छापाकडून दुसऱ्या छापाकडे वळवते, एवढेच. सिगारेटच्या बाबतीत हे समर्थन वर्षानुवर्षे केले गेले आणि त्याची तपासणी करणे अवघड होते, कारण बाजार जुना होता. कॉर्लीच्या कल्पनेने ही तपासणी सोपी केली. इथे बाजारच अजून उघडलेला नाही. जो गांजेकस आहे त्याला जाहिरात नको आहे. कायदा आड असतानाही त्याने आपला गांजा मिळवलाच आहे. तेव्हा ही सारी रंगीत चित्रे, हे सुभाषितवजा वाक्य, हे नाव, हे कोणासाठी? ज्याने कधी चिलमीला हात लावलेला नाही, त्याच्यासाठी. दुसरे उत्तर संभवत नाही.

याच विचाराचे अधिक समर्थ वाङ्मयीन रूप याआधी येऊन गेले होते, हेही सांगितले पाहिजे. फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लथ यांची ‘द स्पेस मर्चंट्स’ ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पोल याने स्वतः जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचे काम केलेले होते. तिच्यातील जगावर जाहिरातसंस्थांचेच राज्य आहे, आणि तिथल्या एका कॉफीत सवय लावणारे द्रव्य मिसळलेले आहे. एक खाद्य खाल्ले की एका पेयाची तलफ येते, ते पेय प्यायले की एका सिगारेटीची, आणि ती ओढली की पुन्हा त्या खाद्याची, अशी रहाटाची माळ तिथे योजून ठेवलेली आहे. हा उपहास तीक्ष्ण आहे, पण त्यात एक सोय आहे: मालात विष कालवले आहे म्हटल्यावर वाचकाला दोष कोणाचा हे ठरवणे सोपे जाते. कॉर्लीच्या कल्पनेत ही सोय नाही. तिथे माल जसा आहे तसाच आहे, कायदाही पाळला जाणार आहे; आणि तरीही काही तरी चुकते आहे.

अमेरिकी कादंबरीने जे कल्पनेने पाहिले, ते बंगळूर शहराने दुसऱ्या दोन मालांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे. ९ मार्च १९९६ रोजी तिथल्या चिन्नास्वामी क्रीडांगणावर भारत आणि पाकिस्तान यांच्यात विश्वचषकाचा उपउपांत्य सामना झाला. सिद्धूच्या ९३ धावा, अखेरच्या षटकांतील जडेजाची फटकेबाजी, प्रसादने आमिर सोहेलचा उडवलेला त्रिफळा, हे सारे त्या पिढीच्या स्मरणात कोरले गेले आहे. त्या चषकाचे नाव विल्स चषक होते, हेही त्याबरोबरच कोरले गेले. विल्स ही सिगारेट. भारतीय खेळाडूंच्या अंगावर ते नाव २००१ पर्यंत होते. त्या दिवशी कोणीही कोणाला ‘सिगारेट ओढा’ असे म्हटले नाही. म्हणण्याची आवश्यकता नव्हती. आनंदाचा क्षण आणि ते नाव यांची गाठ बांधली की काम झाले. तंबाखूच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा त्यानंतर २००३ मध्ये आला.

मद्याचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९१५ साली स्थापन झालेल्या युनायटेड ब्रुअरीज या मद्यसमूहाचे मुख्य ठाणे याच शहरात. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनी २००० साली मद्याच्या जाहिराती निषिद्ध केल्या, तेव्हा बिअरचे नाव पाण्याच्या बाटलीवर गेले. २००३ पासून ते दिनदर्शिकेवर आले. २००५ मध्ये ते विमानांवर चढले आणि २०१२ मध्ये विमाने जमिनीला खिळेपर्यंत तिथे राहिले. २००८ साली शहराच्या क्रिकेटसंघाला जे नाव मिळाले, तेही एका व्हिस्कीच्या नावावरून बेतलेले होते. कायद्याने बाटली झाकली. नाव उघडेच राहिले. यात नुसती लबाडी पाहणे पुरेसे नाही. वस्तू विकण्यास मुभा, तिचे नाव उच्चारण्यास बंदी, अशी रचना केली की नावाला वाट फुटणारच. पण नावाला इतके मोल का यावे, याचा विचार केला म्हणजे मुद्दा पुन्हा पहिल्या जागी येतो. तहान असलेल्याला पाणी कुठे मिळते एवढे कळले तरी पुरते. तहान निर्माण करायची असेल तर नाव लागते.

आणि शासन? राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये आणि द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले आहे. कर्नाटकात २००३ पासून मद्याचे घाऊक वितरण शासनाच्याच महामंडळाकडे आहे. १ जुलै २००७ पासून त्या राज्याने अरक बंद केला. अरक हे गरिबांचे पेय. त्याला ना चित्र, ना गाणे, ना विमान. ज्याची कधी कोणी मोहक जाहिरात केली नाही ते पेय गेले. ज्यांची केली गेली ती राहिली. या निर्णयामागे अरकाने केलेला संसारांचा नाश होता आणि स्त्रियांचा आक्रोश होता, हे खरेच. परंतु जे राहिले त्यानेही संसार मोडतच असतात. महाराष्ट्राला यात नाक वर करण्याचे कारण नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिले, तेव्हाही अडचण हीच होती: दुकानाने लोकांचे आरोग्य जाते आणि दुकानाने तिजोरी भरते, आणि दोन्हीची जबाबदारी एकाच सरकारवर.

तत्त्वज्ञांपैकी या प्रश्नाला सरळ हात घातला तो जॉन स्टुअर्ट मिल याने. आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले, तो हा स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता. १८५९ सालच्या आपल्या निबंधाच्या शेवटच्या प्रकरणात तो विचारतो: माणसाला जी गोष्ट करण्याची मोकळीक आहे, ती करण्याचा सल्ला दुसऱ्याने देण्याचीही मोकळीक असली पाहिजे ना? सामान्यतः असलीच पाहिजे, असे त्याचे उत्तर आहे. मग तो अडखळतो. सल्ला देणाऱ्याची उपजीविकाच त्या सल्ल्यावर चालत असेल तर? जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याचे काय? ज्याचे हित माझ्या दौर्बल्यात आहे त्याचे बोलणे मित्राच्या बोलण्यासारखे मोकळे सोडावे काय? दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहेत असे म्हणून मिल त्यांची मांडणी करतो आणि पुरता निकाल देत नाही. स्वातंत्र्यावरील इतक्या निश्चयी ग्रंथात ही जागा डोळ्यांत भरते. मिलसारखा माणूस जिथे अडखळला, तिथे प्रश्न खरोखरीच अवघड असला पाहिजे.

मिलने हाती दिलेली कसोटी निरपेक्षतेची आहे: बोलणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे आहे की नाही. ही कसोटी मराठी वाचकाने सहज मान्य करू नये, कारण त्याच्यापाशी तळीराम आहे. १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा तळीराम त्यातून एक दमडीही मिळवीत नाही. तो स्वतः पितो, इतरांना पाजतो, पिणाऱ्यांचे ‘आर्यमदिरामंडळ’ काढतो. त्याला हवी आहे ती संगत. मिलच्या कसोटीने तळीराम निरपेक्ष सल्लागार ठरतो. आणि सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होते ती त्याच्याच सल्ल्याने.

मग तळीरामात आणि जाहिरातसंस्थेत भेद काय राहिला? भेद आहे, आणि तो पैशाहून खोल आहे. तळीरामाला शरीर आहे. जे तो दुसऱ्याला देतो ते आधी त्याच्या घशाखाली उतरलेले असते, आणि त्यानेच तो मरतो. त्याची बायको गीता प्रेक्षकांसमोर वावरते. व्यसनी माणसाच्या घरात काय चालते ते तिच्या तोंडून कळते. सुधाकराने डोळे उघडून पाहिले असते तर पहिल्या प्याल्याचा शेवट त्याला तळीरामाच्या चेहऱ्यावर वाचता आला असता. जाहिरातीला चेहरा असतो, पण तो भाड्याने आणलेला, निरोगी आणि तरुण. तिच्या मागचा मजकूर लिहिणारा त्या मालाला कदाचित शिवतही नसेल. तो दुष्ट असतो असेही नाही. अरुण कोलटकरांनी आणि किरण नगरकरांनी पोटासाठी याच व्यवसायात काम केले, आणि मराठी भाषेचे त्यांनी काय केले हे सर्वांना ठाऊक आहे. शब्दाची हुकमत असलेल्या माणसाला हा व्यवसाय जवळ करतो, यात आश्चर्य नाही. प्रश्न त्या माणसाचा नाही. त्याच्या बोलण्याच्या परिणामांशी त्याची कधीच गाठ पडणार नाही, अशी व्यवस्था आहे, हा प्रश्न आहे.

जाता जाता भाषेचीही एक गंमत नोंदवावीशी आहे. मराठी वृत्तपत्रांत आज कोणत्याही मद्यप्याला ‘तळीराम’ म्हणतात. गडकऱ्यांनी रंगवलेला माणूस पिणारा होता तितकाच पाजणारा होता. समाजाने पिणाऱ्याची आठवण ठेवली आणि पाजणाऱ्याची पुसून टाकली.

या पाजण्याला आपल्या परंपरेत एक नेमका शब्द मिळतो. भागवताच्या एकादश स्कंधात, पाचव्या अध्यायात, चमस निमी राजाला सांगतो की मैथुन, मांस आणि मद्य यांकडे प्राण्याची ओढ स्वभावतःच असते. तिथे चोदनेची, म्हणजे प्रवृत्त करणाऱ्या वचनाची, गरज नसते. विवाह, यज्ञ, सुरापात्राचे ग्रहण अशा ज्या व्यवस्था शास्त्राने लावल्या त्या ओढीला उत्तेजन देण्यासाठी नव्हेत. कुंपण घालण्यासाठी, आणि शेवटी तिच्यापासून परतण्यासाठी आहेत. एकनाथांनी या संपूर्ण स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये ती काशीत पूर्ण केली, म्हणून हा विचार पंडितांच्या ओसरीतून फडावरच्या श्रोत्यांपर्यंत आला. गळ्यात माळ घालून निर्व्यसनी राहणाऱ्याने तो आचरणात घेतला. पण त्यातील निवृत्तीचा भाग बाजूला ठेवला तरी एक भेद शिल्लक राहतोच, आणि तो आधुनिक कायद्यालाही उपयोगी पडावा असा आहे. अनुज्ञा म्हणजे असलेल्या ओढीभोवती आखलेली रेषा. चोदना म्हणजे नसलेली ओढ उत्पन्न करणारा शब्द. मीमांसकांनी चोदना वेदाकडे दिली. ती धर्मासाठी राखून ठेवली. कॉर्लीच्या जाहिरातसंस्थेने ती आपल्याकडे घेतली.

या दृष्टीने ब्रिटिश सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाचा अहवाल चांगला वाटतो. १,१९३ साक्षी नोंदवून त्या आयोगाने ठरवले की मर्यादित सेवनाने विशेष हानी होत नाही आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही, इष्टही नाही. मात्र कर, परवाने आणि नियंत्रण असावे. साहेबाला महसूल हवा होता, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही हा अनुज्ञेचा विचार आहे. त्यात कोणाला बोलावणे नाही. उरुग्वेने २०१३ मध्ये गांजाला मान्यता देताना त्याच्या सर्व जाहिरातींना मनाई केली आणि कॅनडाने २०१८ मध्ये त्यांच्यावर कडक बंधने घातली, तेव्हा ते देश नकळत त्याच रेषेवर उभे राहिले.

भारतात १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस निषिद्ध झाले, पण शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. त्यामुळे भांग एका फटीतून बाहेर राहिली. बंगळूर येथील कर्नाटक उच्च न्यायालयासमोर २०२२ मध्ये हाच मुद्दा आला. पोलिसांनी पकडलेल्या मालात भांग होती आणि थोडा गांजाही होता. भांग हे उत्तरेत शिवमंदिरांजवळ, लस्सीच्या दुकानांत मिळणारे पारंपरिक पेय आहे. ते या कायद्याखाली निषिद्ध ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने आरोपीला जामीन दिला. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तथापि न्यायालयाच्या युक्तिवादात शिवाचे देऊळ आणि लस्सीचे दुकान शेजारी उभे आहेत, आणि या शेजाराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे.

देवाचे नाव ही जाहिरात नव्हे काय, असे कोणी विचारील. कर्नाटकातच यादगीर जिल्ह्यात तिंथिणी येथे मौनेश्वराच्या यात्रेत गांजा प्रसाद म्हणून दिला जातो. त्या प्रांतातील शरण, अवधूत या परंपरांत तो ध्यानाचे साधन मानला गेला आहे. ‘महादेवाचा प्रसाद’ हे शब्द कोणत्याही जाहिरातवाक्यापेक्षा प्रभावी आहेत, हे नाकारता येत नाही. त्या शब्दांनी किती तरुण पहिल्यांदा चिलमीकडे वळले असतील, हेही कोणी मोजलेले नाही. परंपरेला निष्पाप ठरवण्याचा मोह इथे टाळलेला बरा. एवढेच म्हणता येते की प्रसादाला मुहूर्त असतो, स्थळ असते आणि माप असते. यात्रा संपते. देणारा आणि घेणारा एकाच वर्तुळात बसलेले असतात, तळीरामासारखे. याउलट मालाला मुहूर्त नसतो. त्याची यात्रा रोजच भरलेली असावी लागते, नाही तर कारखाना बंद पडतो. देवळातून निघालेले नाव दुकानाच्या पाकिटावर गेले की प्रसादाची ही मर्यादा गळून पडते आणि मोहिनी तेवढी उरते. भांगेच्या गोळ्यांच्या पाकिटांना शंकराची आठवण करून देणारी नावे आणि चित्रे आढळतात, ती उगाच नव्हेत.

ज्या काशीत एकनाथांनी आपली टीका पूर्ण केली, तिथल्या गल्ल्यांतून भांगेची दुकाने आहेत. त्यांना अबकारी खात्याचा परवाना असतो. भांग विकण्याची मुभा आहे, एवढेच त्या परवान्याने सांगायचे असते. तो दुकानाच्या आत, भिंतीवर, चौकटीत असला तरी चालतो. दुकानदार मात्र दारावर मोठ्या रंगीत अक्षरांत पाटी लावतो: सरकारी भांगेचे दुकान. विश्वनाथाचे दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरू तिथे क्षणभर थांबतो, पाटी पुन्हा एकदा वाचतो, बरोबरच्यांना दाखवतो, आणि पायरी चढतो.